जुन्या बसचे घर : आधी कागद, मग पत्रा

अहिल्यानगर, विशेष प्रतिनिधी

तत्कालीन मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली बस १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर धावली. लाकडी सांगाडा आणि काथ्याची आसने असलेल्या त्या बेडफर्ड गाड्यांचा आज मागमूस नाही. पण बस आणि नगर जिल्हा हे नाते मात्र जुनेच आहे. त्याच नात्यातून आता एक निराळा प्रश्न पुढे येतो : सेवेतून निघालेली बस विकत घेऊन तिचे घर करता येईल का? कुणाला शेतावर राहण्याची सोय हवी असते, कुणाला भंडारदऱ्याकडे येणाऱ्या पर्यटकांसाठी खोली, तर कुणाला निवृत्तीनंतर घर सोबत घेऊन देश पाहायचा असतो. या तिन्ही हेतूंसाठी लागणारी बस मात्र एकच नसते. ही गोष्ट पैसे मोजण्यापूर्वी ध्यानात आली नाही, तर अंगणात न हलणारी आणि रस्त्यावर न चालणारी अशी दहा टनांची वस्तू गळ्यात पडते.

धावणारे घर की उभे घर?

सर्वांत आधी ठरवायचे ते एवढेच. घर एकाच जागी उभे राहणार असेल तर इंजिन, गिअरबॉक्स, टायर यांना फारसे महत्त्व उरत नाही. सांगाडा, पत्रा आणि टप चांगला असला की पुरे. घर रस्त्यावर धावणार असेल तर नेमके उलट. तेथे पत्रा बदलता येतो, पण नोंदणीपुस्तकातील खोट बदलता येत नाही.

अनेकांच्या मनात पहिल्यांदा येते ती एसटीची लालपरी. येथेच मोठी गफलत होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जानेवारी २०२३मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, १ एप्रिल २०२३पासून राज्य परिवहन उपक्रमांसह सर्व सरकारी वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर संपुष्टात येते आणि अशा वाहनांची विल्हेवाट नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रामार्फतच लावावी लागते. म्हणजे १५ वर्षे पूर्ण झालेली एसटी कुणी ‘थोडी डागडुजी केली की पुन्हा रस्त्यावर येईल’ असे सांगून विकत असेल, तर त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. त्याआधी लिलावात गेलेल्या गाड्याही बहुधा भंगार म्हणूनच विकल्या जातात. अशा गाडीतून मिळते ती खोली, वाहन नव्हे. खोलीच हवी असेल तर त्यात गैर काही नाही, मात्र दरही खोलीचाच द्यावा.

पुण्यात २०१६पासून जुन्या बसगाड्यांची ‘ती’ नावाची महिला स्वच्छतागृहे करण्यात आली. केरळच्या राज्य परिवहन महामंडळाने नोव्हेंबर २०२०मध्ये मुन्नार आगारात जुन्या बसमध्ये १६ जणांच्या झोपण्याची व्यवस्था करून शंभर रुपयांत मुक्काम उपलब्ध करून दिला. हे दोन्ही प्रयोग उभ्या बसचे आहेत, आणि मालकी सार्वजनिक संस्थांकडेच राहिल्याने नोंदणीचा घोळ तेथे उद्भवला नाही, हे विसरता कामा नये. अमेरिकेत शाळेच्या निवृत्त बसचे घर करण्याची हौस इतकी रुजली आहे की अशा गाड्यांना ‘स्कूली’ असे लाडके नावही मिळाले. तिकडचे चलचित्र पाहून इकडे बस घेणाऱ्याने एक फरक लक्षात ठेवावा : तेथील बहुतेक राज्यांत बसची नोंद ‘निवासी वाहन’ म्हणून बदलून घेण्याची वाट रुळलेली आहे. आपल्याकडे ती वाट आहे, पण अरुंद आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. दुसरीकडे निवासी वाहनांसाठी ए.आय.एस. १२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि राज्य सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणही जाहीर केले. म्हणजे निवासी वाहन या प्रकाराला कायद्यात जागा आहे. पण ते मान्यताप्राप्त पद्धतीने बांधलेले असावे लागते. योगायोग असा की, वाहनांना प्रकार-मान्यता देण्यासाठी केंद्राने ज्या चाचणी संस्था नेमल्या आहेत, त्यांपैकी एक, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना, अहिल्यानगरलाच आहे. तेथे आपली एकुलती एक जुनी बस घेऊन जावे असा याचा अर्थ नाही. ते काम बॉडी बांधणाऱ्या कारखान्याचे. ज्याच्याकडे असे मान्यतापत्र आहे त्याच कारागिराकडे काम द्यावे, हा मुद्दा.

व्यवहारात करायचे ते असे. बस पसंत पडली की इसार देण्यापूर्वी तिचा नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक आणि करावयाच्या बदलांचा साधा आराखडा घेऊन परिवहन कार्यालयात जावे. नगरसाठी एमएच १६ आणि उत्तरेकडील तालुक्यांसाठी श्रीरामपूरचे एमएच १७ अशी दोन कार्यालये जिल्ह्यात आहेत. या गाडीची नोंद खासगी वापराचे निवासी वाहन म्हणून बदलून मिळेल काय, हे लेखी विचारावे. उत्तर गाडीगणिक बदलते. तोंडी ‘होऊन जाईल’ हे उत्तर नव्हे, आणि ते एजंटाकडून आले असेल तर मुळीच नव्हे.

यासोबत बँकेचा बोजा, थकलेला कर, ई-चलन, परवाना जमा केल्याची पावती आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत पाहावी. आठ वर्षांपुढील व्यावसायिक वाहनास हे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, त्यामुळे मागील काही वर्षांची प्रमाणपत्रे सलग आहेत की मध्ये खंड आहे, यावरून गाडी किती काळ उभी होती याचा अंदाज बांधता येतो. अनेक लांब पल्ल्याच्या ट्रॅव्हल्स गाड्या ईशान्येकडील राज्यांत नोंदलेल्या असतात. तेथील ना-हरकत प्रमाणपत्र हाती पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देणे धोक्याचे. गाडीचे रिकामे वजन साडेसात टनांहून अधिक भरत असेल तर जड वाहनाचा परवाना लागतो. हे घर चालवणार कोण, हा प्रश्नही मग घरच्यांना विचारावा लागतो.

कोणती बस?

जिल्ह्यात खासगी जुन्या बस तीन ठिकाणांहून बाहेर पडतात. शिक्षणसंस्थांच्या बस कमी अंतर धावलेल्या असतात, त्यांची निगाही बरी असते. मात्र लहान मुलांसाठी बांधलेल्या काही गाड्यांत मोठ्या माणसाचे डोके टपाला लागते. सुपे आणि नगर औद्योगिक वसाहतींतील कामगार-वाहतुकीच्या बस अंतराने मध्यम, देखभालीने ठीकठाक. स्लीपर गाड्या उंच आणि ऐसपैस असतात, पण रात्रंदिवस धावून पिळून निघालेल्या असतात. आमच्या मते जिल्ह्यातल्या रस्त्यांचा विचार करता साधारण नऊ मीटरची, पुढे इंजिन असलेली टाटा किंवा लेलँडची बस पहिल्या खरेदीस उत्तम. मागे इंजिन असलेल्या महागड्या गाडीची सपाट फरशी आणि पोटातली सामानाची जागा मोह पाडते. परंतु पाथर्डी किंवा अकोल्यात ती बंद पडली तर सुट्या भागासाठी पुणे गाठावे लागते. टाटा-लेलँडचा मिस्त्री तालुक्यातालुक्यात सापडतो. त्यांच्यातील इंजिनाची उष्णता चालकाशेजारी येते, हा दोष मान्य करूनच घ्यावी.

बारा मीटरच्या बसमध्ये चालकाची जागा वगळता सव्वादोनशे चौरस फुटांच्या आसपास जागा मिळते, म्हणजे दहा बाय दहाच्या दोन खोल्यांहून थोडी अधिक. ऐकायला बरे वाटते. पण रतनवाडीकडच्या वळणांवर आणि गावातल्या लोंबत्या विजेच्या तारांखाली हीच लांबी-उंची नडते. आतली उंची मोजताना फरशी आणि छत मिळून उष्णतारोधक थराचे तीन-चार इंच आधीच वजा करावेत. सहा फूट उंचीची बस मग पावणेसहा फुटांच्या माणसाला वाकवते.

पाहणी : हातोडी, लोहचुंबक आणि पाण्याचा पाइप

इंजिनाचा मिस्त्री आणि पत्र्याचा कारागीर, असे दोघे सोबत न्यावेत. एकाला दुसऱ्याचे दिसत नाही. उभ्या घरासाठी बस घेणाऱ्याने मिस्त्रीला सुट्टी दिली तरी चालेल, पत्रेवाल्याला नको.

गाडी खड्ड्यावर घेऊन चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या आणि आडव्या पट्ट्या हातोडीने ठोकून पाहाव्यात. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. भद्द आवाज आला, पापुद्रे सुटले तर गंज आत शिरलेला आहे. चासीला वेल्डिंगचे ताजे टाके दिसले तर अपघाताची चौकशी करावी. गंज लपतो तो चाकांवरच्या कमानीत, पायऱ्यांच्या खाली, बॅटरीच्या पेटीत आणि चालकाच्या पायाखाली. मधल्या मार्गावरचा पत्रा एका ठिकाणी उचलून खालचे प्लायवूड बोटाने दाबून पाहिले की बरेच कळते. विकणारा पत्रा उचलू देत नसेल तर तेही एक उत्तरच समजावे. कोकणात आयुष्य काढलेली गाडी खारट हवेने आतून खाल्लेली असू शकते. नगर, बीड, सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यातली गाडी त्या मानाने निरोगी.

लोहचुंबक खिशात असावे. पोलादी पत्र्यावर ते चिकटते; एखाद्या जागी निसटले तर तेथे पुट्टीचा जाड थर आहे. जुन्या एसटीच्या बॉडी ॲल्युमिनियमच्या, तर अलीकडच्या पोलादी. ॲल्युमिनियम गंजत नाही हे अर्धसत्य आहे : जेथे ते लोखंडी सांगाड्याला टेकते तेथे ओलाव्याने पांढरी भुकटी धरते आणि रिबिटा सैल होतात.

मग टप. बसच्या घराचे निम्मे दुखणे टपातून येते. सामानाचा कॅरिअर आणि शिडी काढलेली भोके, हवेची झडप, कोपऱ्यांतले जोड या जागी पाइपने पंधरा मिनिटे पाण्याची धार सोडून आत कोरड्या हाताने चाचपावे. उन्हाळ्यात बस घेणारे ही पायरी गाळतात आणि जूनमध्ये गाद्या वाळत घालतात.

चालत्या घरासाठी इंजिन थंड असतानाच पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. सुरू झाल्यावर निळा धूर राहिला तर इंजिन ऑइल जळते आहे, पांढरा राहिला तर पाणी किंवा न जळलेले डिझेल. ऑइलच्या दांडीवर दुधी फेस आला तर व्यवहार तेथेच थांबवावा. हवेच्या ब्रेकचा दाब पूर्ण भरून इंजिन बंद करावे. काटा भराभर उतरला तर गळती आहे. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचावा, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी वय झालेला टायर फुटतो, आणि बसला असे सहा लागतात.

शेवटी आसने काढल्यावर वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलावा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. टाकी, बॅटऱ्या आणि स्वयंपाकाचा ओटा एकाच बाजूला आले की गाडी झुकते. नियोजन या दोन आकड्यांवरून करायचे असते.

ऊन, पाऊस आणि आग

नगर शहराच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस, तर अकोले तालुक्यातील घाटघरला त्याच्या कितीतरी पट. जामखेड-कर्जतकडे बस उभी करायची असेल तर शत्रू ऊन आहे : टपाला पांढरा रंग, आतून उष्णतारोधक थर आणि वर वेगळा पत्र्याचा मांडव. कोरड्या हवेत पाण्याचा कूलर चांगले काम देतो. भंडारदरा-राजूरकडे शत्रू ओल; तेथे छतापेक्षा खालून येणारा दमटपणा सांगाडा खातो, म्हणून गाडी मातीवर न ठेवता पक्क्या ओट्यावर उचलून ठेवावी.

खिडक्या बुजवून भिंती करण्याची घाई मात्र करू नये. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस दाराच्या बाजूवर उलटली, पेटली आणि २५ जण दगावले. बसच्या घरात गॅस, वीज, गाद्या आणि पेट घेणारा फोम एका अरुंद नळीत असतात. मूळ आपत्कालीन दार पलंगाने किंवा कपाटाने अडवू नये, झोपण्याच्या जागेजवळ आतून उघडणारी एक मोठी खिडकी ठेवावी, सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या, तळाशी झरोका असलेल्या पेटीत ठेवावा. विमा कंपनीला बदल कळवून तशी नोंद घ्यावी. न कळवलेला बदल दावा नाकारण्यास पुरेसा ठरतो.

बस कायमची उभी करायची असल्यास ती वापरातून काढल्याचे कलम ५५खाली चौदा दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे, अन्यथा न धावणाऱ्या गाडीवरही कर चढत राहतो. शेतजमिनीवर बस ठेवून तिला वीज, पाणी, शोषखड्डा जोडण्यापूर्वी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात विचारणा करावी. पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे असतील तर राज्याच्या २०२०च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीचा मार्ग शेतकऱ्याला खुला आहे. आणि बस शेतापर्यंत पोहोचणार कशी, हे क्रेनवाल्याला आधी बांध दाखवून ठरवावे. पावसाळ्यात काळ्या रानात क्रेनही रुतते.