वर्तुळातला नंबर

ऑफिसात गेले दोन आठवडे एकाच गोष्टीवर डोकं फुटतंय. क्लायंटला एकच एंट्री फॉर्म हवाय आणि त्या फॉर्मच्या मागे आहेत पाच टेबलं. ग्राहक एकीकडे, पत्ते दुसरीकडे, ऑर्डरी तिसरीकडे. युजरला यातलं काही दिसता कामा नये, त्याने आपलं भरावं आणि 'सेव्ह' दाबावं. ज्यांनी कधी अ‍ॅक्सेसमध्ये फॉर्मच्या पोटात सबफॉर्म बसवलाय त्यांना माहीत असेल, सगळं छान चालतं आणि मग एके दिवशी अशी ऑर्डर सापडते जिला ग्राहकच नाही. अनाथ रेकॉर्ड!

त्याच डोक्याने शनिवारी मांडव्याची लाँच पकडून आजोळी गेलो. आजोळ अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात. जेवण होतंय न होतंय तोच मामाने प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढून पुढ्यात ठेवले. एक जुना हस्तलिखित सातबारा, दुसरा संगणकीकृत. शेत तेच. जुन्यावर तीन भावांची नावं, नव्यावर दोन. गळालेलं नाव माझ्या आजोबांचं.

"तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा," मामा म्हणाला.

मी बघायला बसलो आणि तासाभरात आजोबा बाजूलाच राहिले, त्या कागदाच्याच प्रेमात पडलो. सातबारा म्हणजे काय हे मला तोवर धड माहीत नव्हतं (तुमच्यापैकी किती जणांना आहे, खरं सांगा). गावच्या महसुली दप्तरात 1 ते 21 असे नमुने असतात. त्यातला 7 नंबरचा म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची, किती, कोणत्या धारणेची. 12 नंबरची पिकांची नोंदवही. दोन वेगळी टेबलं, एका पानावर वर-खाली छापलेली, म्हणून सात-बारा. जोडणारी की म्हणजे सर्व्हे नंबर आणि हिस्सा. खातेदाराच्या नावाशी असलेला खाते नंबर 8-अ मध्ये नेतो, जिथे एका माणसाची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. आणि पानावर जागोजागी वर्तुळात लिहिलेले जे आकडे असतात ते फेरफार नंबर, म्हणजे नमुना 6 मधल्या नोंदीकडे बोट. चक्क फॉरेन की! कॉडचा रिलेशनल मॉडेलवरचा पेपर 1970 चा. मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा कायदा आला 1903 साली आणि 1913 मध्ये तो जमीन महसूल संहितेतच घातला गेला. नमुन्यांची मांडणी अँडरसन नावाच्या आय.सी.एस. साहेबाने बसवली, महसूल खात्यातले लोक अजून 'अँडरसन मॅन्युअल' म्हणतात.

पण मला खरी आवडली ती दुसरीच गोष्ट. नमुना 7 वर थेट कोणी लिहायचंच नाही! खरेदी असो, वारस असो, आधी तलाठी नमुना 6 मध्ये फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण 6-अ या तक्रार नोंदवहीत. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलं की मगच 7 वर अंमल. म्हणजे इन्सर्ट एकीकडे, व्हॅलिडेशन दुसऱ्याकडे, कमिट तिसऱ्याच्या सहीने. आमच्या टीममध्ये एवढी शिस्त असती तर...! असो.

12 नंबरचं मात्र असं नव्हतं. तलाठी पाहणीला यायचा आणि पीक काय, कसणारा कोण, ते लिहायचा. तिथे ना फेरफार, ना 15 दिवस. 1971 च्या नियमांनी सांगितलं की कब्जात भलताच माणूस दिसला तर नमुना 14 मध्ये टिपून तहसीलदाराकडे पाठवा. त्याआधी तो रकाना बराचसा तलाठ्याच्या हातात. सगळ्यात सैल व्हॅलिडेशन असलेलं फील्ड, आणि या किनाऱ्यावर बहुतेकांचं नशीब अडकलेलं ते नेमकं त्याच्यात. कारण जमीन होती खोतांची आणि कसत होती कुळं.

अलिबाग तालुक्यातल्याच चरी गावात 27 ऑक्टोबर 1933 ला सभा झाली आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 25 गावांच्या कुळांनी जमीन कसायचीच थांबवली. सहा वर्षं! लोकांनी लाकडं तोडून विकली, मजुरी केली, पण नांगर धरला नाही. पिकाच्या रकान्यात त्या वर्षी 'पड' एवढाच शब्द पडत असणार, आणि संप हा शब्द लिहायला रकाना नाही. 1937 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. 1939 मध्ये पहिला कूळ कायदा झाला, 1948 मध्ये दुसरा, 1949 मध्ये खोती रद्द करणारा. आणि मग 1 एप्रिल 1957, कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ तो जमिनीचा खरेदीदार मानायचा, असं कायदा म्हणाला.

कूळ आहे हे दाखवायचं कशाने? कागदावर नाव हवं. ज्यांचं होतं ते मालक झाले. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असून नाव नव्हतं, ते मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिले.

माझ्या पणजोबांचं नाव होतं. कलम 32-ग खाली किंमत ठरली, हप्ते फिटले, नाव लागलं. ते गेल्यावर वारस म्हणून तीन मुलं. संगणकीकरणात जुना कागद बघून कोणीतरी टाइप करताना तिसरी ओळ सुटली. एवढंच. कोणाचा कट नाही, काही नाही. पण त्या ओळीवर आजीचा, आईचा आणि मामाचा हक्क टांगलेला.

मामाने दोन वर्षं अर्जात 'नाव चुकून गेले आहे' एवढंच लिहिलं होतं आणि प्रत्येक वेळी 'पुरावा जोडा' म्हणून परत. मी नवा सातबारा पुन्हा पाहिला. नाव गळालं होतं, पण वारसाच्या फेरफाराचा नंबर तिथेच होता. की शाबूत! त्या नंबराच्या फेरफाराची नक्कल काढली, त्यात तिन्ही नावं आणि प्रमाणित केल्याची सही. महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती म्हणून नवा अर्ज केला, नक्कल जोडून. चार महिन्यांनी आदेश झाला. मी फोनवर सांगत होतो तेव्हा मागून आजीचा आवाज आला, "बाला, नाव लागला काय?"

लागला.

12 नंबर आता शेतकऱ्यानेच भरायचा असतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी, मोबाइलवर, शेतात उभं राहून फोटोसकट. यंदा भात लावून झाल्यावर मामाने हौसेने अ‍ॅप उघडलं. गाव निवडलं, खातं निवडलं, यादीत स्वतःच्या बापाचं नाव बघितलं, फोटो काढला. आणि मग अपलोड होईना म्हणून रेंज शोधत बांधाबांधाने पार खाडीच्या तोंडापर्यंत गेला.