प्यादं मागे फिरत नाही

मागच्या रविवारी भाचा पट घेऊन आला. वय वर्षे नऊ. हल्लीच क्लासला जायला लागलाय. दहाव्या खेळीपर्यंत त्याने माझी दोन प्यादी खाल्ली. मी म्हटलं, "घे रे, प्यादीच आहेत ती." त्यावर साहेब म्हणतात, "मामा, प्यादी अशी फुकट द्यायची नसतात. शेवटी तीच लागतात."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. आमच्या आबांकडून.

घरच्या मंडळींना आठवत असेल, आबा देशी पद्धतीने खेळायचे. त्यांचं प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं. शेवटच्या घरात पोचलं की ते घर ज्या मोहऱ्याचं, तो मोहरा व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. आणि प्याद्याने मात दिली की आबांची कळी अशी खुलायची की विचारू नका! वजिराने केलेल्या मातीचं त्यांना काही विशेष वाटत नसे.

कॉलेजात मी 'इंटरनॅशनल' नियम शिकलो आणि सुट्टीत घरी येऊन त्यांना सुनावलं, "आबा, तुमचे नियम चुकीचे आहेत." ते काही बोलले नाहीत. पट गुंडाळून ठेवला. त्यानंतर आम्ही क्वचितच खेळलो.

आबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी या खेळाचा इतिहास वाचायला घेतला, आणि चूक कोणाची होती ते कळलं. जुन्या चतुरंगात पदाती, म्हणजे पायदळाचा शिपाई, एकच पाऊल टाकायचा. इराणात गेल्यावर तो 'पियादा' झाला आणि तेच नाव आपल्याकडे प्यादं म्हणून रुळलं. पहिल्या खेळीला दोन घरं चालायची सवलत ही युरोपात मध्ययुगात आलेली सुधारणा. खेळ लवकर रंगात यावा म्हणून. म्हणजे आबांचा नियम चुकीचा नव्हता, जास्त जुना होता.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला आजची ताकद मिळाली आणि प्याद्याचंही नशीब पालटलं. आधी शेवटच्या घरात पोचून ते एक दुबळा वजीर व्हायचं. आता पटावरचा सगळ्यात बलाढ्य मोहरा होऊ लागलं. तरी खेळणाऱ्यांचं लक्ष मोहऱ्यांवरच. प्यादी द्यायची, वाट मोकळी करायची आणि राजावर तुटून पडायचं, ही त्या काळची हौस.

हे बदललं एका संगीतकाराने. फ्रान्स्वा-आंद्रे फिलिदोर, जन्म 1726. व्हर्सायच्या राजवाड्यातल्या प्रार्थनागृहात गाणारा मुलगा. पुढे पॅरिसच्या 'कॅफे द ला रेजान्स'मध्ये लेगाल नावाच्या उस्तादाकडे तयार झाला. 1745 मध्ये गाण्याच्या दौऱ्यासाठी हॉलंडला गेला, कार्यक्रम रद्द झाले आणि परक्या देशात खिसा रिकामा. मग बुद्धिबळ शिकवून पोट भरलं. 1749 मध्ये लंडनला त्याचं पुस्तक निघालं तेव्हा तो अवघा 22 वर्षांचा होता. ड्यूक ऑफ कंबरलंडने एकट्याने 50 प्रती नोंदवल्या होत्या.

प्यादी हाच या खेळाचा प्राण, हे त्याचं म्हणणं. नवशिक्यांना आजही उपयोगी पडेल असं त्यात बरंच आहे. प्यादी शेजारी-शेजारी ठेवा, म्हणजे ती एकमेकांना राखतात. एकटं पडलेलं प्यादं राखायला मोहरा अडकून पडतो. मोहरे प्याद्यांच्या मागे ठेवा, त्यांची वाट अडवू नका. तुमचा उंट पांढऱ्या घरांतून फिरत असेल तर प्यादी काळ्या घरांत ठेवा, म्हणजे त्याला वाट मोकळी राहते. या सगळ्यामागचं कारण एकच. घोडा चुकला तर परत बोलावता येतो. प्यादं पुढे टाकलं की टाकलं. म्हणून घाई नको.

आबांचं एक-एक घराचं प्यादंही वाया गेलं नाही बरं का. 1850 च्या दशकात कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या बॅरिस्टरशी मोहेशचंद्र बॅनर्जी खेळत. देशी वळणाचा खेळ. प्यादी एकेक घर सरकवायची, उंट कोपऱ्यालगत बसवायचा आणि समोरच्याला मध्ये येऊ द्यायचं. अशा मांडणीला पुढे 'इंडियन डिफेन्स' हे नाव मिळालं, आणि आज जगभरचे ग्रँडमास्टर ती खेळतात. पंजाबचे मीर सुलतान खानही देशी नियमांवरच वाढलेले. ते 1929, 1932 आणि 1933 मध्ये ब्रिटिश विजेते झाले.

फिलिदोरची अखेर मात्र चटका लावते. तो दरवर्षी लंडनला खेळायला जायचा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो तिथेच अडकला. देश सोडून गेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव चढलं आणि परतीचा रस्ता बंद झाला. बायको-मुलं पॅरिसला, हा लंडनला. 1795 मध्ये तिथेच वारला.

असो. भाच्याने मला रविवारी हरवलं, तेही एका प्याद्याचा वजीर करून. मग मी त्याला म्हटलं, "आता एक डाव माझ्या आबांच्या नियमांनी." त्याला वाटलं मी काहीतरी बनवून सांगतोय. "हे चुकीचे नियम आहेत," म्हणाला. मी म्हटलं, "नाही रे, जुने आहेत."

हे मी आबांना म्हणायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, आणि आता ते घर मागे राहिलं.

दुसरा डाव अजून अर्धाच झालाय. पट तसाच कपाटावर ठेवलाय, येत्या रविवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही अशी घरात ताकीद आहे. तुमच्या घरी देशी डाव कोणी खेळत असेल तर त्यांचे नियम विचारून लिहून ठेवा. घरोघरी ते थोडे वेगळे असतात.