‘बारमाही’ टायर: एका शब्दाचा इतिहास आणि थंड प्रदेशातली वेगवान गाडी

मिनियापोलिसला शिकायला गेलेल्या एका मित्राचा गेल्या आठवड्यात संदेश आला. त्याने तिथे एक जुनी सुबारू डब्ल्यूआरएक्स घेतली आहे. टायर झिजले आहेत, हिवाळा तोंडावर आला आहे आणि दुकानदार त्याला ‘ऑल-सीझन’ टायर दाखवतो आहे. ‘ऑल-सीझन म्हणजे सगळेच ऋतू ना रे?’ एवढाच त्याचा प्रश्न होता.

गाड्यांमधले मला फारसे कळत नाही. परंतु ‘सगळे ऋतू’ हा शब्द टायरला कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर चिकटवला, हा प्रश्न इतिहासाचा आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, त्याचाच आजचा धागा. लांबला आहे, सवडीने वाचा. 🧵

सुरुवात टायरपासून नव्हे, रबरापासून करावी लागते. १८३०च्या दशकात अमेरिकेत रबराचे अक्षरशः वेड पसरले होते. मॅसॅच्युसेट्समधील रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीसारख्या कंपन्यांनी रबरी बूट, टोप्या आणि पाणी न शिरणारे कापड बाजारात आणले आणि लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. मग उन्हाळा आला. त्या मालाचा चिकट, दुर्गंधीयुक्त लगदा झाला. हिवाळ्यात तोच माल लाकडासारखा ताठरून तडकू लागला. काही वर्षांतच या उद्योगाचा फुगा फुटला. रबराचा पहिला पराभव असा ऋतूंनी केला होता.

त्या पराभवावर उपाय शोधण्यात चार्ल्स गुडइयर या माणसाने आयुष्य घालवले. १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीला लागले आणि ते वितळण्याऐवजी चिवट झाले, अशी कथा सांगितली जाते. या प्रक्रियेला पुढे ‘व्हल्कनीकरण’ म्हणू लागले. १८४४ साली त्याला पेटंट मिळाले. पैसा मात्र मिळाला नाही. १८६०मध्ये तो वारला तेव्हा कर्जात बुडालेला होता. त्याच्या नावाची सुप्रसिद्ध कंपनी १८९८ साली अ‍ॅक्रन येथे फ्रँक सायबरलिंग यांनी काढली. तिचा गुडइयरच्या घराण्याशी काहीही संबंध नव्हता. हे नाव लक्षात ठेवा, धाग्यात ते पुन्हा येणार आहे.

व्हल्कनीकरणाने रबर ऋतूंपुढे टिकू लागले, तरी मूळचा झगडा मिटला नाही. रबराची लवचिकता त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या हालचालीतून येते. थंडी वाढली की ही हालचाल मंदावते आणि एका तापमानाखाली रबर काचेसारखे कडक होते. हे तापमान मिश्रणावर अवलंबून असते. कडाक्याच्या थंडीतही मऊ राहील असे मिश्रण केले, तर ते भर उन्हात, वेगात वळताना लिबलिबीत वाटते आणि भराभर झिजते. उन्हातली पकड साधली, तर थंडीत ते घट्ट होऊन बसते. वेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरांची पकड साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उतरू लागते. उणे ७ अंशांच्या आसपास तर अशा काही टायरांना तडे जाऊ शकतात, असा इशारा उत्पादकच देतात. म्हणजे गाडी नुसती हलवली तरी नुकसान! रॉक्सबरीच्या बुटांची ही दूरची भावंडेच म्हणायची.

आता फिनलंडकडे वळू. तिथल्या ‘सुओमेन गुम्मितेहदास’ म्हणजे फिनिश रबर कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी ‘केलिरेंगास’ नावाचा टायर काढला. हा जगातला पहिला हिवाळी टायर मानला जातो. त्यावर आडव्या, खोल खाचा होत्या. त्या भुसभुशीत हिमात रुतत आणि चाकाला पुढे रेटत. दोनच वर्षांनी, १९३६मध्ये, प्रवासी मोटारींसाठी ‘लुमी-हाक्कापेलिट्टा’ आला. ‘लुमी’ म्हणजे हिम. ‘हाक्कापेलिट्टा’ हे नाव मात्र तीस वर्षांच्या युद्धातले (१६१८–१६४८). स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याच्या सैन्यातले फिनिश घोडेस्वार ‘हाक्का पॅल्ले’, म्हणजे ‘हाणा’, अशी आरोळी ठोकत शत्रूवर तुटून पडत. त्या आरोळीवरून पथकाला नाव पडले आणि पथकावरून टायरला. (‘हर हर महादेव’ नावाचा टायर आपल्याकडे कसा निघाला नाही, याचे मला आश्चर्य वाटते.) हाच रबर कारखाना १९६७ साली नोकिया महामंडळात विलीन झाला. होय, तीच मोबाइलवाली नोकिया.

फिनलंडचा विचार सरळ होता: हिवाळ्याला हिवाळ्याचा टायर. अमेरिकेतही बर्फाळ राज्यांमध्ये कित्येक दशके तीच रीत होती. पानगळ सरत आली की मागच्या दोन चाकांना हिमाचे टायर चढवायचे, वसंतात उतरवायचे. मागचीच दोन, कारण त्या काळच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत इंजिनाचे बळ मागच्या चाकांना मिळे. हे टायर रस्त्यावर घोंगावत आणि कोरड्या डांबरावर डळमळीत वाटत. शिवाय वर्षातून दोनदा गॅरेजची खेप आणि उतरवलेले टायर ठेवायला जागा. या कटकटीला लोक कंटाळले होते.

१९७७ साली या कंटाळ्यावर एका कंपनीने उत्तर आणले. कंपनीचे नाव गुडइयर, टायरचे नाव ‘टिएम्पो’. स्पॅनिशमध्ये या शब्दाचे दोन अर्थ आहेत: काळ आणि हवामान. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागेल. ज्या माणसाने रबराला ऋतूंपासून वाचवले, त्याच्याच नावाच्या कंपनीने १३८ वर्षांनी जाहीर केले की आता ऋतू बदलला तरी टायर बदलायला नको. टिएम्पो रेडियल बांधणीचा होता. मिशेलिनने फ्रान्समध्ये १९४६ साली पेटंट घेतलेली ही बांधणी सत्तरच्या दशकात अमेरिकेत रुजत होती. ग्राहक खूश झाले, आणि मोटारकंपन्या तर त्याहून अधिक: फ्लोरिडाची गाडी आणि मिशिगनची गाडी एकाच टायरवर कारखान्याबाहेर काढता येऊ लागली.

पण ‘बारमाही’ या शब्दाला आधार काय होता? अशा टायरच्या बाजूवर ‘एम+एस’ अशी अक्षरे असतात. ‘मड अँड स्नो’ म्हणजे चिखल आणि हिम. अमेरिकी रबर उत्पादकांच्या संघटनेने सत्तरच्या दशकात या अक्षरांची जी व्याख्या केली, ती निव्वळ भूमितीची होती. टायरच्या नक्षीत साधारण २५ टक्के भाग मोकळा, म्हणजे खाचांचा असावा, आणि खाचा कडेपर्यंत पोहोचाव्यात. बस्स. रबराचे मिश्रण कोणते, याबद्दल अट नाही. प्रत्यक्ष हिमावर गाडी चालवून पाहण्याची अट तर नाहीच. म्हणजे टायरचे चित्र पाहून त्याला हिमाचा दाखला देण्याची ही पद्धत होती! साध्या, संथ चालणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला हे बऱ्यापैकी निभावून गेले, कारण तिच्या टायरचे रबर मुळात फार टोकाचे नसे.

पंचाईत झाली ती वेगवान गाडीची. १९८४च्या कॉर्व्हेटसाठी गुडइयरने ‘ईगल व्हीआर५०’ हा २५५ मिलिमीटर रुंदीचा, बुटका टायर खास घडवला. त्याची नक्षी फॉर्म्युला वनच्या पावसाळी टायरवरून बेतलेली होती. असे टायर ओल्या रस्त्यावर उत्तम, हिमावर केविलवाणे. रुंद टायर हिमात रुतण्याऐवजी त्यावर तरंगतो. अरुंद टायर तेवढाच भार कमी जागेत एकवटून खालचा थर गाठतो. त्याहून खोल अडचण नक्षीच्या ठोकळ्यांची आहे. हिमावर पकड मिळते ती ठोकळ्यांवर कापलेल्या असंख्य बारीक चिरांमुळे. पण चिरा वाढल्या की ठोकळे लवचीक होतात आणि सुकाणू फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिराने वळते. वेगवान गाडी घेणाऱ्याला नेमका तो क्षण नको असतो. ‘बारमाही’ आणि ‘वेगवान’ हे शब्द टायरच्या एकाच ठोकळ्यावर एकमेकांशी भांडतात. नव्वदीपर्यंत कोणालाही ते भांडण नीट सोडवता आले नव्हते.

सोडवणुकीचा एक मार्ग अनपेक्षित दिशेने, धुळीतून आला. साठच्या दशकात टायरांना धातूचे खिळे बसवण्याची पद्धत रूढ झाली. गोठलेल्या बर्फावर त्यांना तोड नव्हती, पण बर्फ नसलेल्या रस्त्यावर ते डांबर कुरतडत. मिनेसोटाने १९७१मध्ये, पश्चिम जर्मनीने १९७५मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. जपानमध्ये सेंदाईसारख्या शहरांत ऐंशीच्या दशकात डांबराच्या धुळीने हिवाळ्यात श्वास घेणे अवघड झाले. नागरिकांच्या तक्रारींतून आंदोलन उभे राहिले आणि १९९० साली खिळेवाल्या टायरांविरुद्ध कायदा झाला. खिळे गेले, बर्फ राहिला. मग सगळा भार रबराच्या रसायनावर पडला. ब्रिजस्टोनने १९८८मध्ये ‘ब्लिझॅक’ आणला. त्याच्या रबरात सूक्ष्म छिद्रे होती, जी बर्फावरचे पातळ पाणी शोषून घेत. १९९२ साली मिशेलिनने काजळीऐवजी मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरलेला टायर बाजारात आणला. सिलिकेमुळे ओल्या आणि थंड रस्त्यावरची पकड वाढवूनही बाकीचे गुण फारसे गमवावे लागत नव्हते. आजचा वेगवान गाडीचा बारमाही टायर शक्य झाला, तो मुख्यतः या रसायनामुळे; नक्षीचा वाटा दुय्यम.

शब्दाला पुराव्याची जोड मिळायला मात्र १९९९ उजाडले. अमेरिका आणि कॅनडातील उत्पादक संघटनांनी नवे चिन्ह ठरवले: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमस्फटिक. हे मिळवायला टायरची हिमावर चाचणी द्यावी लागते. प्रमाण टायरची पकड १०० धरली, तर उमेदवाराची किमान ११० हवी. इथेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधन कशाबद्दल बोलते आणि कशाबद्दल गप्प आहे, हे पाहावे. ही अमेरिकी चाचणी दाबलेल्या हिमावर चाकाला पुढे ढकलण्याची आहे. ब्रेक दाबल्यावर किंवा वळणावर काय होईल, गुळगुळीत बर्फावर काय होईल, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

तरीही सरकारांनी हळूहळू हेच चिन्ह प्रमाण मानले. क्विबेकने २००८च्या हिवाळ्यापासून हिवाळी टायर सक्तीचे केले आणि डिसेंबर २०१४पासून डोंगराचे चिन्ह आवश्यक ठरवले. जर्मनीत २०१८पासून बनलेल्या टायरांना हिवाळी रस्त्यांवर नुसते ‘एम+एस’ पुरेनासे झाले. जुन्या टायरांची सवलतही सप्टेंबर २०२४मध्ये संपली. सत्तरच्या दशकातली ती भूमितीची व्याख्या तिथे कायद्याने निवृत्त झाली. अमेरिकेच्या दुकानांत ती अजून नोकरीवर आहे.

आता मित्राच्या प्रश्नाकडे. त्याची डब्ल्यूआरएक्स चारही चाकांना बळ देते, म्हणून ती बर्फाची गाडी असा सर्वत्र समज आहे. गंमत म्हणजे ती कारखान्यातून उन्हाळी टायरांवर बाहेर पडते. चार चाकांचे बळ निघताना कामी येते. थांबताना प्रत्येक गाडीला चारच ब्रेक असतात आणि सगळा हिशेब टायरपाशी येतो. वेगवान गाड्यांसाठीच्या बहुतेक बारमाही टायरांवर आजही फक्त ‘एम+एस’ असते. जिथे हिवाळा शून्याच्या आसपास रेंगाळतो, हिम पडते आणि दोन दिवसांत वितळते, तिथे ते चांगलेच काम देतात. हिवाळा याहून कडक असेल आणि टायरांचा एकच संच परवडणार असेल, तर डोंगराचे चिन्ह असलेला बारमाही घ्यावा. २०१५ साली मिशेलिनने युरोपात ‘क्रॉसक्लायमेट’ आणल्यापासून या वर्गात निवडीला वाव आहे. वळणावरची थोडी चपळाई जाईल, ती जाऊ द्यावी.

मिनियापोलिसचे तसे नाही. तिथे पारा उणे २० गाठतो आणि रस्त्यावर महिनोन्महिने गोठलेला बर्फ असतो. मी त्याला लिहिले: बारमाही घे, पण एप्रिल ते नोव्हेंबरसाठी. डिसेंबर ते मार्चसाठी खरे हिवाळी टायर वेगळ्या रिमवर, जमल्यास एक इंच लहान रिमवर. ती ब्रेकला घासत नाही ना, एवढे आधी पाहून. टायर अरुंद आणि उंच होईल आणि खर्चही थोडा वाचेल. आणि चारही टायर सारखे. मागची दोनच बदलण्याची रीत त्या जुन्या गाड्यांबरोबर गेली.

खरेदीआधी टायरची बाजू शिलालेखासारखी वाचावी. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे ४ अंक कालनिर्देशाचे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘४१२३’ म्हणजे २०२३चा ४१वा आठवडा. तीनच अंक दिसले तर टायर २०००च्या आधीचा. तो संग्रहालयात शोभेल. मग डोंगर शोधावा. शेवटी खोली मोजावी. अनेक देशांत टायर १.६ मिलिमीटरपर्यंत कायदेशीर असतो, पण ऑस्ट्रिया ४ मिलिमीटरखाली झिजलेल्या रेडियल टायरला हिवाळी मानत नाही. नवा असताना बारमाही असलेला टायर अर्ध्या आयुष्यातच उन्हाळी होऊन जातो, तो असा.

कॉन्टिनेंटलच्या वेगवान गाड्यांसाठीच्या एका बारमाही टायरवर ही गोष्ट चक्क कोरलेली असते. त्याच्या नक्षीत ‘डी’, ‘डब्ल्यू’ आणि ‘एस’ ही इंग्रजी अक्षरे आहेत: कोरडा रस्ता, ओला रस्ता, हिम. टायर झिजत जातो तसतशी ती पुसली जातात. सर्वांत आधी ‘एस’ जाते.