मतदारसंघाची रेषा आणि कृष्णवर्णीयांचे मत : अलाबामातील खटले

अमेरिकेत आपल्यासारखे राखीव मतदारसंघ नाहीत. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या मताला किती वजन राहील, हे मतदारसंघाची रेषा कुठून जाते यावर ठरते. दर 10 वर्षांच्या जनगणनेनंतर बहुतेक राज्यांत विधिमंडळच नकाशा काढते. म्हणजे निवडून आलेलेच आपले मतदार निवडतात! वस्ती अनेक मतदारसंघांत फोडायची किंवा सगळी एकातच कोंबायची, या दोन जुन्या युक्त्या.

1957 मध्ये अलाबामा राज्याने टस्कीगी शहराची चौकोनी हद्द 28 बाजूंची केली. सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे शहराबाहेर गेले, गोरा एकही गेला नाही. आरोप सिद्ध झाल्यास हा 15व्या घटनादुरुस्तीचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये गोमिलियन खटल्यात सांगितले.

1965 च्या मतदान हक्क कायद्यातील कलम 2 मध्ये 1982 साली दुरुस्ती झाली. त्यानंतर भेदभावाचा हेतू सिद्ध करण्याची सक्ती उरली नाही, परिणाम दाखवणे पुरेसे झाले. मात्र 1993 च्या शॉ विरुद्ध रेनो निकालाने दुसरी अडचण उभी केली : केवळ वंशाच्या आधारे रेषा ओढली, तर तीही न्यायालयाच्या कठोर तपासणीत सापडते. वंश पाहिला नाही तरी खटला, फार पाहिला तरी खटला.

अलाबामात कृष्णवर्णीय सुमारे 27 टक्के; पण 2021 च्या नकाशात 7 पैकी एकाच मतदारसंघात त्यांचे बहुमत होते. 8 जून 2023 रोजी ॲलन विरुद्ध मिलिगन खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. तरीही विधिमंडळाने पुन्हा तसाच, एकाच बहुमताचा नकाशा काढला. शेवटी न्यायालयाने तज्ज्ञाकडून नकाशा करून घेतला आणि 2024 मध्ये दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून आले.

आम्हाला खरी मेख वेगळीच वाटते. पक्षीय फायद्यासाठी काढलेल्या रेषेत संघीय न्यायालये पडणार नाहीत, असे 2019 मध्ये ठरले. त्यामुळे ‘आम्ही वंश नाही, पक्ष पाहिला’ हा बचाव राज्यांना आयता मिळाला. 2024 मध्ये साउथ कॅरोलिनाच्या खटल्यात तोच 6 विरुद्ध 3 मतांनी चालला.

आपल्याकडे 1932 च्या पुणे करारापासून उमेदवार आपला, पण बहुसंख्य मतदार इतर, हा पेच आहेच. शिवाय 2002 च्या परिसीमन कायद्यानुसार आयोगाचा अंतिम आदेश कोणत्याही न्यायालयात प्रश्नांकित करता येत नाही. हरकत घ्यायची ती मसुदा प्रसिद्ध झाल्यावर, जाहीर सुनावणीतच.