रुक्मिणीचें माहेर आणि तरुणांचें मत

वऱ्हाडांत, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यांत, वर्धा नदीच्या तीरावर कौंडण्यपूर नांवाचें गांव आहे. आज तें लहान असलें, तरी परंपरेनें त्यास विदर्भाच्या भीमक राजाची राजधानी आणि रुक्मिणीचें माहेर मानिलें आहे. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत येथें उत्खनन झालें आणि ही वस्ती दोन हजार वर्षांहूनहि जुनी असल्याचे पुरावे हातीं आले. नरेंद्र कवीनें तेराव्या शतकांत आणि एकनाथांनीं सोळाव्या शतकांत रुक्मिणीच्या स्वयंवरावर ग्रंथ रचिले, त्यामुळें या गांवाचें नांव महाराष्ट्रांत घरोघर पोहोंचलें.

कथा सर्वांस ठाऊक आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी यानें तिचा विवाह शिशुपालाशीं ठरविला. तिचें मत त्यानें विचारिलें नाहीं. तेव्हां तिनें पत्र लिहिलें, विश्वासू माणसाच्या हातीं तें द्वारकेस पाठविलें, अंबिकेच्या दर्शनास आपण केव्हां जाणार तें कळविलें, आणि ठरल्या वेळीं ती त्या स्थळीं स्वतः चालत गेली. पुराणकथेस इतिहास म्हणतां येत नाहीं. परंतु तींतील एक गोष्ट इतिहासाच्या वाचकासहि विचार करावयास लावणारी आहे. मत नुसतें मनांत असून भागलें नाहीं. तें लिहून नोंदवावें लागलें, आणि नेमल्या दिवशीं नेमल्या जागीं पाऊल टाकावें लागलें. तरुण मतदारांच्या ज्या उदासीनतेची सर्वत्र चर्चा होते, तिचा उलगडा पुष्कळदां या दोन गोष्टींतच सांपडतो: नोंद आणि पाऊल.

वऱ्हाडांत मताचा हक्क हळूहळू आला. १९०२ सालच्या करारानें निजामानें वऱ्हाड इंग्रज सरकारास कायमच्या पट्ट्यानें दिलें आणि पुढच्याच वर्षीं त्याचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला. कायद्याच्या दृष्टीनें मात्र तो मुलूख निजामाचाच राहिला. म्हणून १९१९ च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कौन्सिलासाठीं वऱ्हाडांत निवडणुका झाल्या, तरी निवडून आलेल्या सभासदांची सरकारला पुन्हां रीतसर नेमणूक करावी लागे. मत देणारेहि थोडेच होते. जमीनमहसूल, कर, मालमत्ता अशा कसोट्यांस उतरेल तो मतदार. १९३५ च्या कायद्यानें ही चौकट बरीच रुंद केली. तरीहि ब्रिटिश हिंदुस्थानांत साधारणतः सहा-सात माणसांमागें एकासच मत मिळालें आणि एकवीस वर्षांखालील कोणासहि तें मिळालें नाहीं. १९४२ च्या ऑगस्टमध्यें आष्टी, चिमूर आणि बेनोडा या गांवांनीं स्वातंत्र्यासाठीं प्राणांचें मोल दिलें, तेव्हां विशीच्या आंतील तरुणास तुरुंगांत जातां येत होतें, पण मतदानास जातां येत नव्हतें.

हें चित्र स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें पालटलें. घटना पूर्ण होण्यापूर्वींच, १९४८ सालीं, प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर याद्या तयार करण्याचें काम देशभर सुरू झालें होतें. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं त्या याद्यांत १७ कोटींहून अधिक नांवें होतीं. ज्यांस वाचतां येत नव्हतें त्यांच्यासाठीं उमेदवारांस चिन्हें दिलीं गेलीं आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेविली गेली. तरीहि शंभरांतून पंचेचाळीसांच्या आसपास लोकांनींच मत दिलें.

त्या याद्यांची एक हकीगत विसरण्यासारखी नाहीं. अनेक स्त्रियांनीं स्वतःचें नांव परक्यास सांगण्याचें नाकारिलें. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेंच त्या सांगत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी चालणार नाहींत असा निर्णय घेतला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गाळावीं लागलीं. हक्क होता, इच्छाहि कदाचित् असेल. पण नोंद नव्हती, म्हणून मत नव्हतें. पुढच्या निवडणुकांत ही उणीव बरीच भरून आली, ती दारोदार जाऊन नांवें विचारणाऱ्यांच्या चिकाटीमुळें आणि तीं सांगणाऱ्या स्त्रियांच्या धैर्यामुळें.

तरुणांच्या बाबतींतहि असेंच घडलें. इंग्लंडांत १९६९ सालीं आणि अमेरिकेंत १९७१ सालीं मतदानाचें वय अठरा झालें. भारतांत एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनें २८ मार्च १९८९ पासून तें एकविसावरून अठरावर आणिलें. कायद्यानें दार उघडलें. परंतु दार उघडलें म्हणजे सगळे आंत येतात असें नाहीं. अमेरिकेंत १९७२ च्या पहिल्याच संधीस नव्या तरुण मतदारांपैकीं सुमारे निम्म्यांनींच मत दिलें. आपल्याकडे निवडणूक आयोगानें २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळण्यास आरंभ केला. १९५० सालीं त्याच तिथीस आयोगाची स्थापना झाली होती. नव्यानें अठरा वर्षें पूर्ण करणाऱ्यांस त्या दिवशीं ओळखपत्रें दिलीं जातात. समारंभ चांगला आहे. पण समारंभास जो येतो त्याचें नांव बहुधा आधींच यादींत असतें. खरा प्रश्न न येणाऱ्यांचा आहे.

हे न येणारे कोण? वऱ्हाडांतील कोणत्याहि खेड्याची यादी समोर घेतली तर उत्तर मिळतें. बारावी झालेला मुलगा शिक्षणासाठीं अमरावतीस किंवा नागपुरास जातो, कामासाठीं पुण्यास जातो. त्याचें नांव गांवीं नोंदलेलें असतें किंवा कोठेंच नसतें. २०२४ सालीं अमरावती, अकोला आणि वर्धा या मतदारसंघांत लोकसभेचें मतदान २६ एप्रिलला झालें. वैशाखाच्या तोंडावरचें वऱ्हाडचें ऊन ज्यांस माहीत आहे, त्यांस पुण्याहून त्या एका दिवसासाठीं येणें म्हणजे काय हें सांगावयास नको. सैनिकांस अथवा निवडणुकीच्या कामावरील नोकरांस टपालानें मत देण्याची सोय आहे. परगांवीं शिकणाऱ्या विद्यार्थ्यास ती नाहीं.

दुसरी व्यक्ति म्हणजे नववधू. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी लग्न होऊन जाते. तिचें नांव माहेरच्या यादींत राहतें आणि सासरच्या यादींत चढत नाहीं. कौंडण्यपुराहून नदी ओलांडली कीं वर्धा जिल्हा लागतो, तेवढ्यानें विधानसभेचा आणि लोकसभेचाहि मतदारसंघ बदलतो. १९५२ सालीं जिची नोंद नवऱ्याच्या नांवामागें लपली, तिच्याच नातीची नोंद माहेर-सासरच्या मध्यें हरवते. रुक्मिणीच्या माहेरीं तरी या गोष्टीचें मर्म कोणास समजावून द्यावें लागूं नये.

या उणिवा भाषणांनीं भरून निघत नाहींत. त्यांस गांवांतल्याच चार तरुणांचें काम लागतें, आणि त्या कामाचा आदर्श दूर शोधावयास नको. त्याच तिवसा तालुक्यांत मोझरी येथें तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या द्वारें सफाई, प्रार्थना व ग्रामसेवेचें काम गांवोगांवच्या तरुणांच्या हातीं दिलें. त्यांच्या ग्रामगीतेंत निवडणुकीविषयींहि रोखठोक विचार आहे. निष्काळजीपणें वापरलेलें मत देणाऱ्यावरच उलटतें, असा इशारा त्यांनीं खेड्यांतील माणसास त्याच्याच बोलींत दिला.

दुसरा आदर्श खुद्द कौंडण्यपूरच्या पालखीचा. रुक्मिणीच्या माहेरची म्हणून ही पालखी आषाढीस पायीं पंढरपुरास जाते. ही परंपरा चार शतकांहून जुनी मानली जाते. एवढी वाट दरवर्षीं चालली जाते ती केवळ उत्साहानें नव्हे. निघण्याचा दिवस ठरलेला असतो, मुक्काम ठरलेले असतात, दिंडींत कोण कोठें चालणार हें ठाऊक असतें, आणि मागें राहिलेल्याची चौकशी होते. मतदानाच्या कामासहि हींच चार सूत्रें पुरीं पडतात.

आरंभ यादीपासून व्हावा. महाराष्ट्रांत २०२१ सालीं विशेष ग्रामसभा भरवून मतदारयाद्या वाचण्याचा उपक्रम झाला. असें वाचन गांवानें आपण होऊन दरवर्षीं करावें. शाळा-कॉलेजांतील प्रत्येक मुलानें वा मुलीनें आपल्या आळीचीं दहा घरें घ्यावीं आणि चार प्रश्न विचारावे: घरांत सतरा वर्षें पूर्ण झालेलें कोण आहे, लग्न होऊन कोण आलें, कोण गेलें, आणि परगांवीं कोण राहतें. २०२२ पासून नोंदणीसाठीं वर्षाकाठीं चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षें पूर्ण झालेल्यास आगाऊ अर्जहि करतां येतो. नव्या नांवासाठीं नमुना ६ आणि पत्ता बदलल्यास नमुना ८ भरावयाचा असतो. परगांवीं राहणाऱ्यानें एक ठिकाण निश्चित करावें आणि तेथेंच नांव ठेवावें, हें त्यास निवडणुकीच्या आदल्या आठवड्यांत सांगून उपयोग नाहीं. तें दिवाळीस घरीं आल्यावर सांगावें.

मतदानाच्या दिवशीं या तरुणांचें काम एवढेंच: उन्हें चढण्यापूर्वीं दहा घरांच्या उंबरठ्यावर जाऊन हांक मारणें. कोणास मत द्यावें हें सांगणें त्यांचें काम नव्हे. ज्या दिवशीं हांकेंत उमेदवाराचें नांव मिसळेल, त्या दिवशीं निम्मीं दारें बंद होतील. उमेदवारानें भाड्याच्या वाहनांतून मतदार नेणें हा कायद्यानें भ्रष्टाचार ठरविला आहे आणि केंद्रापासून शंभर मीटरांच्या आंत प्रचारास मनाई आहे. शेजाऱ्याबरोबर चालत जाण्यास मात्र कोणताच प्रतिबंध नाहीं.

असल्या किरकोळ कामानें काय होणार, असें ज्यांस वाटेल त्यांनीं अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानाचा १९६४ चा उन्हाळा आठवावा. तेथील कृष्णवर्णीयांचीं नांवें मतदारयादींत घालण्यासाठीं शेंकडों विद्यार्थी खेडोपाडीं गेले. तिघां कार्यकर्त्यांचे खून झाले. हजारो लोक अर्ज घेऊन कचेरींत गेले. त्यांतील फारच थोड्यांचे अर्ज मंजूर झाले. पण त्या नाकारलेल्या अर्जांनीं साऱ्या देशापुढें अन्याय उघडा पाडला आणि पुढच्याच वर्षीं मतदानहक्काचा कायदा झाला. वऱ्हाडच्या तरुणापुढें तसा धोका नाहीं. त्याच्यापुढें आहे तो केवळ कंटाळा आणि ‘माझ्या एका मतानें काय होतें’ हा समज.

या समजास व्यवहाराचें उत्तर आहे. निवडणुकीस उभा राहणारा माणूस यादी घेऊन बसतो आणि कोणत्या गांवांत, कोणत्या वस्तींत किती मतें पडतात याचा हिशेब मांडतो. कापसाचा भाव, शाळेच्या वेळेची एस. टी., पिण्याचें पाणी, मुलींचें कॉलेज या प्रश्नांचें वजन त्या हिशेबांतून ठरतें. तरुणांचीं नांवें त्यांत नसतील, तर त्यांचे प्रश्नहि त्यांत नसतील. गांवांतल्या चार मुलांनीं एक वही, एक पेन्सिल आणि दहा घरें घेऊन काम सुरू केलें, तर हा हिशेब पुढच्या निवडणुकीपर्यंत बदलूं शकतो. आणि त्यासाठीं लागणारी पहिली तारीख नेहमींच तीन महिन्यांच्या आंत असते.