न्हाणीघर आणि उतारवय

घराचा इतिहास लिहितांना दिवाणखाना, माजघर, देवघर यांचें वर्णन हौसेनें केलें जातें. न्हाणीघराची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वास्तविक वृद्ध मनुष्याचा पाय घसरण्याचें भय घरांत या ओल्या जागींच मोठें असतें.

स्नानाची जागा विचारपूर्वक बांधण्याची विद्या फार जुनी आहे. आज पाकिस्तानांत असलेल्या मोहेंजोदडो येथें सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या घरांतून पक्क्या विटांचे स्नानाचे ओटे सांपडले. त्यांच्या विटा सांध्याशीं सांधा मिळवून बसविलेल्या असून त्यांना नालीकडे बेताचा उतार दिलेला आहे. पायाखालीं पाणी सांचूं द्यावयाचें नाहीं, हा पहिला नियम तेव्हांही ठाऊक होता.

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांत न्हाणी बहुधा मागील दारीं, विहिरीजवळ असे. टांकीचे घाव असलेली दगडी फरशी, बसावयास पाट किंवा चौरंग, जवळ घंगाळ. मोरीचें पाणी परसांतील अळवास व केळींस जाई. खडबडीत दगडावर पाय सहसा सरकत नसे, बसून स्नान करण्याचा प्रघात असल्यामुळें तोलही जात नसे, आणि हांक मारली कीं सून किंवा नातू धांवून येई. तथापि या व्यवस्थेस दुसरी बाजूही होती. अंधार, शेवाळ आणि उंच उंबरठा यांचा जांच म्हाताऱ्यांनाच अधिक होई. शौचकूप तर परसाच्या पार टोंकास असे. सर्वांत मोठी उणीव ही कीं, हात देणारें माणूस मोकळें होईपर्यंत वृद्धास ताटकळत बसावें लागे.

मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० सालीं आणि तानशाचें १८९२ सालीं आलें. नळ घरांत शिरला तशी न्हाणीही परसांतून आंत आली. चाळींत ती खोलीच्या कोपऱ्यांतील मोरी झाली. पुढें ब्लॉकांत तिला चार भिंती, गुळगुळीत फरशी आणि आंतून कडी मिळाली. उभ्यानें स्नान रूढ झालें. एकांत लाभला, परंतु खडबडीत दगड, चौरंग आणि हांकेचें माणूस हीं तिन्ही एकदमच दुरावलीं. अभ्यंगाचें तेल किंवा साबणाचा फेंस फरशीवर सांडला कीं तरुणही तेथें डगमगतो. मग ज्याची दृष्टि मंद आहे, कढत पाण्यानंतर ज्यास घेरी येते, त्याची काय कथा?

या प्रश्नास शास्त्रीय उत्तर प्रथम अमेरिकेंत शोधलें गेलें. तेथें १९६१ सालीं सार्वजनिक इमारतींसाठीं जें प्रमाण ठरलें त्यांत शौचगृहाच्या भिंतीस ३३ इंच उंचीवर दांडे बसवावे, दांडा व भिंत यांत दीड इंच अंतर ठेवावें आणि दार बाहेर उघडावें असें सांगितलें होतें. दार बाहेर उघडण्याचें मर्म उघड आहे: आंत पडलेल्या माणसाच्या अंगानेंच दार अडूं नये. कॉर्नेल विद्यापीठांतील अलेक्झांडर किरा यांनीं १९६६ मधील आपल्या ग्रंथांत स्नानगृहाची रचना माणसाच्या शरीराच्या हालचालींवरून ठरवावी असें प्रतिपादन केलें. भारतांत दिव्यांगांसाठीं सुगम इमारतींची तरतूद १९९५ आणि २०१६ च्या कायद्यांनीं केली. घरगुती न्हाणीघर मात्र बहुतांशीं घरधन्याच्याच विवेकावर राहिलें.

त्या विवेकास या इतिहासांत पुरेसा आधार आहे. न घसरणारी फरशी म्हणजे जुना टांकीचा दगडच. स्नानासाठीं ठेवलेली मजबूत बैठक म्हणजे जुना चौरंगच. नवा आहे तो भिंतींतील दांडा. तो पक्क्या भिंतींत खोल रोंवलेला हवा. पंचा टांगण्याची नळी शरीराचा भार पेलत नाहीं. रात्रीं दिवा आणि बाहेरूनही उघडतां येईल अशी कडी, एवढी जोड त्यास दिली कीं बहुतेक काम झालें. गवंड्यास हें काम फार दिवसांचें नाहीं. आणि त्यानंतर घरांतील वडील माणसास स्नानासाठीं कोणाच्याही सवडीची वाट पाहावी लागत नाहीं.