दुका : पूर्व आफ्रिकेतील एका दुकानाचा इतिहास

स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात. हा शब्द आपल्याला परका वाटत नाही आणि त्या दुकानात गल्ल्यावर बसलेला माणूसही परका नव्हता. कच्छ-काठेवाडातून मोसमी वाऱ्यावर शिडाच्या गलबतांनी झांजिबारला पोहोचलेली ही मंडळी. ओमानचे सुलतान सय्यद सईद ह्यांनी १८४० च्या सुमारास आपली राजधानीच झांजिबारला हलवली, तेव्हा तेथील जकातीचा मक्ता कच्छच्या जयराम शिवजींच्या पेढीकडे होता.

परमुलखात दुकान थाटायचे तर गाठीशी भांडवल हवे, असे आपण धरून चालतो. ह्या पोरांजवळ ते नव्हते. गावच्या किंवा जातीच्या एखाद्या व्यापाऱ्याकडे पोटावारी काही वर्षे काढायची, हिशेब आणि स्वाहिली शिकायची, मग त्याच्याकडूनच माल उधार घेऊन आत कुठेतरी आडगावी पत्र्याची खोली उभारायची. कापड, मणी, तांब्याची तार, मीठ, साखर, काडेपेट्या हा माल. मोबदल्यात हस्तिदंत, पुढे कापूस आणि कातडी. उधारी चुकती झाली की गावाकडून भाच्याला बोलावणे जाई. कागदावर करार क्वचितच. शब्द मोडला तर पुन्हा कोणाच्याही पेढीवर पत उरत नसे. बायको आणि मुलेही दुकानात राबत. त्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याच वहीत झालेली नाही, हे आम्हास खटकते.

कच्छहून कोवळ्या वयात आलेले अलिदिना विश्राम बागामोयोला सेवा हाजींच्या हाताखाली तयार झाले. तांड्यांच्या वाटेवर एकामागून एक दुका उघडीत ते युगांडापर्यंत गेले. १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. मोम्बासाहून १८९६ मध्ये निघालेली रेल्वे १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला भिडली. हे सारे दुकानदार त्या रेल्वेच्या मजुरांचे वंशज, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांपैकी बहुतेक मायदेशी परतले, सुमारे २,५०० तेथेच मृत्युमुखी पडले. व्यापारी आधीपासून होते. रुळांनी त्यांना वाट दिली, एवढेच. व्यवहारही रुपयांतच चालत.

आपले गोवेकर बांधव ह्या वाटेने फारसे गेले नाहीत. त्यांनी कारकुनी पत्करली, काहींनी शिवणकामाची दुकाने व बेकऱ्या काढल्या. झांजिबारमधील ए. सी. गोम्स ह्यांचा छायाचित्रांचा स्टुडिओ तर नामांकित होता.

केनियाच्या उंच, सुपीक पठारावरील जमीन गोऱ्यांसाठी राखीव ठेवलेली. शेतीचा मार्ग असा बंद झाल्यावर दुकान हाच हिंदी माणसाचा संसार झाला. आफ्रिकी शेतकऱ्याला मात्र सरकार दूर आणि दुकानदार समोर दिसे. कापसाचा भाव पाडला, माप मारले, ह्या तक्रारी सगळ्याच खोट्या नव्हत्या. आफ्रिकी माणसाला भागीदार करून घेणारे दुकानदार विरळाच. १९५९ मध्ये बुगांडात ह्या दुकानांवर बहिष्कार पडला. तो इशारा फार थोड्यांनी मनावर घेतला.

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीन ह्यांनी युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवस दिले. तीन पिढ्यांच्या दुकानांना कुलपे लागली. इंग्लंडमधील लेस्टरच्या नगरपालिकेने 'युगांडा आर्गस' ह्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरी येऊ नका, असे कळवले. तरीही हजारो माणसे तेथेच उतरली. बेलग्रेव्ह रोडवर त्यांनी एकेक रिकामा गाळा भाड्याने घेतला, आणि गल्ल्यावर पुन्हा सारे कुटुंब आळीपाळीने बसू लागले.